बेडकाचं अंग आणि त्याचा उन्हाळा

मे महिन्यात कोकणातल्या एखाद्या न्हाणीघरात डोकावलं, तर टाइलच्या भिंतीवर, छताच्या कोपऱ्याशी, पाय पोटाखाली दुमडून एक करडा-तपकिरी बेडूक चिकटलेला सापडतो. तो साधा झाडबेडूक, पॉलिपिडेटस मॅक्युलेटस. रात्री त्याच घराच्या पडवीत दिव्याखाली खरबरीत पाठीचा भेक किडे टिपत बसतो, तो डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. झाडबेडकाची मोठी मादी आणि मध्यम भेक शेजारी ठेवून मोजले तर दोघंही ७ सेंटिमीटरच्या आसपास भरतात. लांबी एकच, पण एक गुळगुळीत टाइलवर सरळ उभा चढतो आणि दुसऱ्याची पडवीची पायरी चढताना तारांबळ उडते.

इथे भाषाच थोडा घोळ घालते. लहान-मोठेपणालाही आपण 'आकार' म्हणतो आणि घडणीलाही. म्हणून खाली दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. लांबी आणि वजन म्हणजे आकारमान. पाय, डोकं, बोटं, पडदे यांचं एकमेकांशी प्रमाण म्हणजे ठेवण. बेडूक कुठे राहतो हे कळायला दोन्ही लागतात, आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

दुसरा घोळ आपण स्वतः घालतो. जुलैत साचलेल्या डबक्याशी रात्री ९ वाजता उभं राहिलं, तर बैल बेडूक, मातीत पुरून राहणारे, झाडावरचे आणि भेक सगळे एकाच पाण्यात ओरडताना दिसतात. ती नोंद वाचणाऱ्याला वाटेल की हे सगळे पाण्यातलेच. पण अनेक जातींसाठी पाण्याचा संबंध विणीपुरता, म्हणजे काही रात्रींचा असतो. सह्याद्रीत आणि देशावर पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने हा पातळ, ओल्या कातडीचा प्राणी कुठे आणि कसा काढतो, त्याप्रमाणे त्याचं अंग घडलेलं असतं. बेडूक वाचायचा तो उन्हाळ्यावरून, विणीच्या रात्रीवरून नव्हे.

आधी पाण्याचा हिशेब

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या, मांड्यांजवळच्या पातळ कातडीतून ते शोषतो आणि बाकीच्या कातडीतून घालवत राहतो. त्यामुळे अंगाच्या वजनाच्या मानाने कातडी किती, हा त्याच्यासाठी जगण्या-मरण्याचा आकडा आहे.

२ सेंटिमीटरचा झुडपी बेडूक आणि १४ सेंटिमीटरचा बैल बेडूक घ्या, आणि क्षणभर समजा की दोघांची ठेवण सारखी आहे. लांबी ७ पट. कातडीचं क्षेत्रफळ ७ गुणिले ७, म्हणजे ४९ पट. घनफळ, आणि म्हणून वजन, ३४३ पट. दर ग्रॅममागे झुडपी बेडकाकडे बैल बेडकाच्या ७ पट कातडी आहे. सारख्या वाऱ्यात, सारख्या उन्हात तो त्याच प्रमाणात लवकर सुकतो. म्हणून सह्याद्रीतले रॉरकेस्टिस वंशाचे दोन-अडीच सेंटिमीटरचे बेडूक पावसाळ्याच्या ओल्या हवेतच उघड्या पानावर बसून ओरडतात आणि कोरड्या दिवसांत दिसेनासे होतात. बैल बेडूक, होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, शेताच्या बांधावर उघड्यावर बसू शकतो त्यामागे थोडं धाडस असेल, पण बरंचसं हे गणितच आहे.

जगातली टोकं याच हिशेबात बसतात. पापुआ न्यू गिनीतल्या पीडोफ्राइन अमाउएन्सिसची लांबी सरासरी ७.७ मिलिमीटर. २०१२मध्ये वर्णन झालेला हा बेडूक राहतो तो सदाओल्या जंगलाच्या पालापाचोळ्यात, जिथे हवेला कोरडं व्हायला वावच नाही. दुसरं टोक कॅमेरूनच्या बाजूचा गोलायथ बेडूक, ३० सेंटिमीटरच्या पुढे जाणारा आणि ३ किलोपर्यंत भरणारा. तो मोठ्या, वाहत्या नद्यांचा रहिवासी आहे.

लहान होण्याची आणखीही किंमत असते. ब्राझीलमधले ब्रॅकिसेफॅलस वंशाचे भोपळ्याच्या रंगाचे चिमुकले बेडूक उडी मारतात, पण हवेत कोलांट्या खात कसेही आदळतात. कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या इतक्या बारीक झाल्या आहेत की उडीच्या वेगात त्यांना अंग कुठे वळतंय ते पुरेसं कळत नाही, असं २०२२च्या अभ्यासात मांडलं आहे. पालापाचोळ्यात पडून काही मोडत नाही म्हणून भागतं.

टाच कुठे पोचते?

ठेवणीकडे वळताना सगळ्यात आधी मागचा पाय बघावा. जुन्या वर्गीकरणतज्ज्ञांची एक चाचणी आजही तितकीच कामाची आहे. मागचा पाय न ओढता अंगाच्या कडेने पुढे न्यायचा आणि टाचेचा सांधा कुठे पोचतो ते बघायचं. भेकात तो खांद्यापाशी अडखळतो. बैल बेडकात कानाच्या पडद्यापर्यंत किंवा डोळ्यापर्यंत जातो. सह्याद्रीच्या कातळांवर आणि जंगलाच्या जमिनीवर राहणाऱ्या इंडिराना वंशात मुस्कटाच्या टोकापर्यंत किंवा त्याच्याही पुढे. जोडीला दुसरी चाचणी: मांड्या अंगाशी काटकोनात ठेवून नडग्या मागे दुमडायच्या. लांब उडी मारणाऱ्यांच्या टाचा एकमेकींवर चढतात, खणणाऱ्यांच्या एकमेकींना शिवतही नाहीत.

आकड्यात हवं असेल तर नडगीची लांबी भागिले अंगाची लांबी. ढोबळमानाने खणणारे आणि भेक ०.४च्या आसपास किंवा त्याहून खाली, झाडबेडूक ०.५च्या आसपास, इंडिराना ०.५५च्या पुढे. हे ठोकताळे आहेत; जातीची ओळख एवढ्यावर पटवू नये.

लांब पायाने उडी लांब जाते याचं कारण साधं आहे. बेडूक जमिनीला जोर लावू शकतो तो पाऊल टेकलेलं असेपर्यंतच. पाय लांब तर तेच बळ जास्त अंतरभर लागतं आणि सुटतानाचा वेग वाढतो. त्याला मांडीच्या स्नायूंची जोड लागते. बैल बेडकाच्या मांड्या माणसाच्या नजरेत भरल्या त्या याच कारणाने. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७मध्ये बंद केली, तरी गोव्यात पहिल्या पावसात 'जंपिंग चिकन'साठी चोरटी शिकार होते, आणि सापडतात ते विणीसाठी उघड्यावर आलेले मोठे, पूर्ण वाढलेले बेडूक.

मग भेकाने आखूड पाय का ठेवले? त्याला पळायचं नसतं. डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींत विष असतं. एकदा तोंडात धरलं की कुत्रा फेस गाळत सोडून देतो. भेक चालतो, छोट्या उड्या मारतो आणि न थकता रात्रभर फिरू शकतो. लांब टांगांचे बेडूक दहा-बारा उड्यांत दमून बसतात. दिव्याखालचे किडे, उकिरडा, कुंड्या, परसातली मोरी असा पसरलेला इलाका पायी पालथा घालायला भेकाची ठेवण उत्तम आहे. जाड, खरबरीत कातडीनेही त्याला पाण्यापासून लांब राहणं जमतं, पण ती काही जलाभेद्य नाही. दिवसा तो कुंडीखाली किंवा दगडाखाली ओलीतच असतो.

फावडेवाले

देशावरच्या शेतांत, पहिल्या जोरदार पावसानंतरच्या रात्री अचानक गोलमटोल, बोथट तोंडाचे बेडूक दिसू लागतात आणि काही आठवड्यांत नाहीसे होतात. यांतला स्फेरोथिका हा वंश महाराष्ट्रात सर्रास सापडतो. त्यातली पश्चिम भारतातली स्फेरोथिका पश्चिमा ही जात २०१७मध्ये वेगळी ओळखली गेली, म्हणजे वर्षानुवर्षं शेतकऱ्यांच्या पायाखाली असलेला बेडूक अगदी आत्ता कागदावर आला.

बेडूक उलटा करून पावलाची आतली कडा बघा. पहिल्या बोटाच्या बुडाशी एक कडक, चपटा, धारदार उंचवटा असतो. स्फेरोथिकात तो पहिल्या बोटाइतका किंवा त्याहून लांब असतो. हेच फावडं. बेडूक मातीवर बसतो, एक पाऊल आतून बाहेर घासून माती बाजूला सारतो, मग दुसरं. हे आळीपाळीने करत, अंग हळूहळू गोल फिरवत तो मागच्या बाजूने खाली उतरतो. वरची माती आपोआप ढासळून डोक्यावर येते. शेवटी दोन डोळे दिसतात, मग तेही नाही. या कामाला लांब पाय अडचणच: आखूड पायात जोर जास्त आणि जागा कमी लागते.

गोल अंगाचाही फायदा आहे. ठरावीक घनफळाला सगळ्यात कमी पृष्ठभाग गोलाचा असतो, म्हणून महिनोन्महिने मातीत निपचित पडून राहणाऱ्याला गोलाई परवडते. उपेरोडॉन ग्लोब्युलोसस हा फुग्यासारखा बेडूक त्याचं टोकाचं उदाहरण. त्याच्या प्रत्येक पावलावर एक नव्हे, दोन फावडी असतात. तोंड अंगाच्या मानाने इवलंसं, कारण खाणं मुंग्या आणि वाळवी. वाळवीसाठी जबडा मोठा लागत नाही. केरळातला जांभळा बेडूक, नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस, वर्षातले जवळपास सगळे दिवस जमिनीखाली काढतो आणि त्याचं टोकदार नाकाड वाळवीच्या बोगद्यात घालण्यासारखं आहे. त्याचं वर्णन २००३मध्ये झालं. एवढा मोठा, ७ सेंटिमीटरचा, इतका विचित्र प्राणी तोवर शास्त्राच्या नजरेतून सुटला होता, कारण पाहणारे वर शोधत होते.

फावडं असलं तरी माती खणण्याजोगी हवी. आंबोलीच्या किंवा कासच्या जांभ्याच्या सड्यावर चार बोटं माती आणि खाली कातळ. तिथे फावडेवाल्यांना काम नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी दडपलेला पट्टा आणि शेजारची कुळवलेली भुसभुशीत माती यांतही फरक पडतो. सर्वेक्षणात मातीचा प्रकार लिहिलेला असतो पण तिचा घट्टपणा लिहिलेला नसतो, ही चूक वारंवार होते. साध्या लोखंडी सळईने, दर वेळी तेवढाच जोर लावून, ती किती सेंटिमीटर आत जाते तेवढं लिहिलं तरी पुष्कळ.

चकत्या म्हणजे झाड नव्हे

बोटांच्या टोकाला गोल चकती दिसली की 'झाडावरचा' असं लिहून मोकळं व्हायची सवय असते. चकती सांगते ती फक्त 'चिकटावं लागतं' एवढंच. इंडिरानाच्या बोटांना चकत्या असतात आणि तो कातळावर राहतो. निक्टीबॅट्रॅकस म्हणजे रातबेडूक, त्यालाही चकत्या असतात आणि तो ओढ्याच्या ओल्या दगडांत बसतो.

झाडावरच्यांची खूण चकतीच्या मागे शोधायची. झाडबेडकांच्या ऱ्हॅकोफोरिडी कुळात बोटाच्या शेवटच्या दोन हाडांच्या मध्ये कूर्चेचा एक जादा तुकडा असतो. त्यामुळे बोट कसंही वाकलं तरी चकती पृष्ठभागावर सपाट टेकते. चकतीची कातडी षटकोनी पेशींच्या फरशीसारखी असते, फटींमधून पातळ चिकटा पसरतो आणि ओल्या पापुद्र्याने पकड बसते. सोडताना चकती मागून पुढे सोलत जाते, आपण चिकटपट्टी काढतो तशी. धूळ लागली तरी दोन-चार पावलांत चिकट्याबरोबर निघून जाते. मात्र कोरड्या, भुरभुरीत चुन्याच्या भिंतीवर चुन्याचेच पापुद्रे सुटून येत राहिले तर बेडूक घसरतो.

इथे आकारमान पुन्हा आडवं येतं. चकतीची पकड तिच्या क्षेत्रफळावर असते, आणि वजन घनफळावर. लांबी दुप्पट झाली की चकती ४ पट, वजन ८ पट. प्रत्येक चौरस मिलिमीटरवर दुप्पट भार. म्हणून मोठ्या झाडबेडकांना नुसत्या चिकटण्यावर भागत नाही. ते बोटांनी फांदी धरतात, जाड फांद्या निवडतात. दोन सेंटिमीटरचा रॉरकेस्टिस करवंदीच्या पानाच्या टोकावर बसला तर पान वाकतही नाही. मलबारचा उडता बेडूक, ऱ्हॅकोफोरस मलबारिकस, ज्याची मादी १० सेंटिमीटरच्या आसपास जाते, तिथे बसूच शकणार नाही.

या उडत्या बेडकाचे हाता-पायांच्या बोटांमधले पडदे पाण्यासाठी नाहीत. झाडावरून झेप घेताना तो बोटं ताणून पसरतो, पडदे हवा धरतात, उतरण्याचा वेग कमी होतो आणि वळता येतं. आंबोलीत पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना फेसाची पांढरी घरटी लटकतात ती त्याची. पिल्लं थेंबासारखी खाली पाण्यात पडतात. पडदे दिसले की 'पोहणारा' लिहिणाऱ्यांनी एवढंच बघावं, की हाताच्या बोटांनाही पूर्ण पडदा आहे का. पोहणाऱ्यांना तो बहुधा फक्त पायाला असतो.

न्हाणीघरातल्या बेडकाचा उन्हाळाही सांगायला हवा. पॉलिपिडेटस मॅक्युलेटस कोरड्या हवेत अंगातून स्रवलेला स्निग्ध थर हातापायांनी अंगभर पुसून घेतो. हे १९९७च्या एका अभ्यासात बारकाईने नोंदवलं आहे. पुसून झालं की हातपाय पोटाखाली घेऊन, डोळे मिटून, पोट भिंतीला चिकटवून बसतो. कातडीतला जितका भाग हवेला उघडा, तितकं नुकसान. ती बैठक म्हणजे उघडा भाग कमी करण्याची युक्ती. म्हणूनच त्याला भिंतीवरून उचलून 'बिचाऱ्याला' बागेत सोडणं हा उपकार नाही. निम्मा थर हाताला लागतो आणि दुपारचं ऊन समोर असतं.

झुडपी बेडकांनी पाण्याची दुसरी अडचणच काढून टाकली. रॉरकेस्टिसची अंडी ओल्या जागी दिली जातात आणि त्यांतून शेपटीचं पिल्लू नव्हे, थेट चिमुकला बेडूक बाहेर येतो. डबकं लागत नाही, त्यामुळे तळ्यापासून दूरचा डोंगरउतारही राहायला मोकळा होतो. रॉरकेस्टिस घाटेई ही जात महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून २०१३मध्ये वर्णन झाली. दक्षिणेकडचा रॉरकेस्टिस चॅलाझोडेस बांबूच्या पेरात, काही मिलिमीटर रुंद फटीतून आत शिरून अंडी देतो. अशा फटीत अंगाची लांबी नाही, डोक्याची रुंदी आणि अंग किती चपटं होतं ते निर्णायक.

पाणी आणि पाण्याकाठचा दगड

खऱ्या पाणबेडकाचं उदाहरण युफ्लिक्टिस. डोळे डोक्याच्या वर, पायाच्या बोटांना टोकापर्यंत पडदे, अंग चपटं आणि निसरडं. विहिरीत किंवा खाचरात तो डोळे तेवढे वर ठेवून तरंगतो आणि डिवचला की पाण्यावरून टप्पे घेत जातो. त्याच्याबद्दल फार लिहावं असं नाही. ठेवण आणि जागा इतकी सरळ जुळते.

रातबेडकांचा वंश जास्त बोलका आहे, कारण एकाच घराण्यात दोन्ही टोकं आहेत. महाबळेश्वर परिसरातल्या ओढ्यांत सापडणारा निक्टीबॅट्रॅकस हुमायुनी (पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्या नावाचा) ४-५ सेंटिमीटरचा, सुरकुतल्या कातडीचा, वाहत्या पाण्याशी बांधलेला. दक्षिण सह्याद्रीतून २०१७मध्ये याच वंशाच्या सात नव्या जाती वर्णन झाल्या. त्यांतल्या चार १६ मिलिमीटरपेक्षाही लहान, सगळ्यात छोटी १२.२ मिलिमीटरची. त्या ओढ्यात नव्हे, पालापाचोळ्यात आणि दलदलीच्या गवतात सापडल्या. आकारमान घटलं आणि ओढा सुटला.

पिल्लांनाही ठेवण असते हे विसरलं जातं. इंडिरानाची पिल्लं डबक्यात नसतात. झिरपत्या पाण्याने ओल्या झालेल्या उभ्या कातळावर चिकटून शेवाळ खरवडतात. शेपूट लांब, निमुळती, तिची झालर अरुंद, आणि मागचे पाय लवकर फुटतात, त्यामुळे ती कातळावर चक्क उडतात. धबधब्याच्या बाजूची भिंत बघितली नाही तर या बेडकाचं अर्धं आयुष्य नोंदीतून गळतं.

मोजताना काय चुकतं

हातात धरून मोजणी करायची तर वनविभागाची परवानगी आधी. आणि बऱ्याचदा हातात धरायची गरज नसते. फोटो पुरतो, पण त्यात एक ठरलेली चूक असते. पट्टी जमिनीवर ठेवली आणि बेडकाची पाठ तिच्यापेक्षा २ सेंटिमीटर वर असेल, आणि कॅमेरा पट्टीपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर बेडूक ३० भागिले २८, म्हणजे ७ टक्के मोठा दिसतो. तोच फोटो १ मीटरवरून झूम करून काढला तर चूक २ टक्क्यांवर येते. म्हणून लांबून, झूमने, कॅमेरा पाठीशी समांतर धरून, आणि पट्टी शक्यतो पाठीच्या उंचीला, दगडावर टेकवून.

परवानगी असेल तर हात ओले आणि स्वच्छ. डास पळवायचं मलम किंवा सनस्क्रीन लावलेल्या हाताने बेडूक धरू नये, ते थेट कातडीतून आत जातं. प्रत्येक बेडकासाठी नवे हातमोजे किंवा नवी पिशवी, आणि दोन ठिकाणांच्या मध्ये बूट धुवून पूर्ण सुकवणं, कारण बेडकांच्या कातडीला रोग लावणारी कायट्रिड बुरशी चिखलाबरोबर प्रवास करते.

मुस्कटापासून अवस्करापर्यंतची (अंगाच्या मागच्या टोकाच्या उत्सर्जन-छिद्रापर्यंतची) लांबी मोजताना बेडूक कुबड काढतो. डिजिटल कॅलिपर ०.०१ मिलिमीटर दाखवतं म्हणून चूकही तेवढीच असं नाही. जिवंत बेडकात तोच माणूस तीनदा मोजेल तर अर्धा मिलिमीटर सहज फिरतो. तीन वाचनांतलं मधलं घ्यावं. त्याबरोबर मांडी, नडगी, पाऊल, डोक्याची रुंदी, हाताच्या तिसऱ्या बोटाची चकती आणि पायाचं फावडं. वजन नेहमी शंकेने घ्यावं. धरलं की बेडूक मूत्राशय रिकामं करतो आणि मातीत राहणाऱ्यांत ते पाणी म्हणजे उन्हाळ्याची शिदोरी, वजनाचा मोठा वाटा. त्यात अंड्यांनी भरलेली मादी आली की 'गोल अंगाची जात' असा भलता निष्कर्ष निघतो. नर की मादी ते लिहावंच. बहुतेक जातींत मादी मोठी असते. नराची स्वरपिशवी आणि विणीच्या काळात अंगठ्यावर येणारी खरबरीत गादी बघावी. ऑगस्टमधली नुकती पाण्याबाहेर आलेली पिल्लं वेगळ्या रकान्यात. आणि संग्रहालयातल्या, अल्कोहोलमध्ये आक्रसलेल्या नमुन्यांची मापं जिवंतांच्या मापांत मिसळू नयेत. चकत्या तर सगळ्यात आधी आकसतात.

जागेची नोंद करताना बेडूक पहिल्यांदा जिथे दिसला ती जागा लिहायची. टॉर्च पडल्यावर उडून जिथे गेला ती नव्हे. जमिनीपासून उंची, बुडाखाली काय आहे, फांदी असेल तर तिची जाडी, पाण्यापासून अंतर, वेळ, आर्द्रता, आणि तो करत काय होता: ओरडत, खात की नुसता बसलेला. हा शेवटचा रकाना नसेल तर बाकीचे अर्धे निकामी. ओरडण्याची उंची म्हणजे राहण्याची उंची नव्हे. आणि जानेवारी ते मे एकही फेरी नसेल, तर त्या तक्त्यावरून अधिवासाबद्दल बोलू नये.

विश्लेषणात दोन खड्डे आहेत. एका जातीचे चाळीस बेडूक मोजले म्हणजे 'ठेवण आणि जागा' या प्रश्नासाठी चाळीस पुरावे झाले असं नाही. तो एकच पुरावा, एका जातीचा. दुसरा खड्डा नात्यांचा. पाच भेकांचे पाय आखूड निघाले तर ते जागेमुळे की सगळ्यांचा पूर्वज एकच म्हणून?

नातं की जागा, या कोड्याने तज्ज्ञांनाही चांगलंच फसवलं आहे. आपला स्फेरोथिका, मादागास्करचा लालिओस्टोमा आणि आफ्रिकेतला टोमोप्टेर्ना हे तिन्ही फावडेवाले, गोल, आखूड पायांचे. बरीच वर्षं तिघांना टोमोप्टेर्ना याच एका वंशात कोंबलं होतं. डीएनए बघितल्यावर कळलं की तिघं तीन वेगळ्या घराण्यांतले. कोरड्या मातीने त्यांना सारखं घडवलं. २०००मध्ये बॉसूट आणि मिलिंकोविच या संशोधकांनी दाखवलं की भारत-आशियाकडचे आणि मादागास्करचे बेडूक स्वतंत्रपणे झाडावर, मातीत, ओढ्यात पसरले आणि प्रौढांबरोबर पिल्लांची ठेवणही जुळत गेली. उलट बाजूने मलबारचा झाडभेक, पेडोस्टिबिस ट्युबरक्युलोसस, घ्या. कुळ भेकाचं, पण अंग सडपातळ, बोटांची टोकं रुंद, आणि बिऱ्हाड पाणी साठलेल्या झाडाच्या ढोलीत. घराणं तेच ठेवून जागेपुरती डागडुजी केलेली.

आणि एक बेडूक कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही. उपेरोडॉन टॅप्रोबॅनिकस, लालसर नक्षीचा, श्रीलंकेत आणि भारताच्या बऱ्याच भागांत सापडणारा. पावलाखाली खणायचं फावडं, आणि हाताच्या बोटांना चढणाऱ्यासारखी रुंद, चपटी टोकं. तो मातीत पुरलेलाही सापडतो आणि जमिनीपासून वर, झाडाच्या ढोलीतही. ढोलीत साठलेला कुजका पाला भुसभुशीतच असतो. त्याच्या नोंदीत उंचीच्या रकान्याशेजारी 'कशात रुतला होता' हाही रकाना ठेवावा लागतो.